त्या दुपारचा जोडीदार

१

माझा भाचा धर्मसेवेसाठी परदेशात गेला तेव्हा त्याच्या पायांत मी घेऊन दिलेले बूट होते. काळे, जाड तळव्याचे. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, साहेब, हे बूट पोराला पुरून उरतील.

भाच्याला घरात सगळे बोक्या म्हणायचे. लहानपणी सायीच्या पातेल्यात तोंड घातलेलं पकडला गेला होता, तेव्हापासून. मिशनमध्ये त्याला छातीवर लावायला नावाची पट्टी मिळाली आणि तो म्हणाला, "मामा, आता मला बोक्या म्हणायचं नाही. देवाचा माणूस आहे मी." ताई म्हणाली, "देवाचा माणूस, आधी टॉवेल वाळत घाल."

आठवड्यातून एकदा त्याला घरी फोन करायची परवानगी होती. त्या फोनवरून मला त्याचा दिवस पाठ झाला होता. पहाटे उठायचं. खोलीत दोन टेबलं समोरासमोर, त्यांवर त्यानं आणि जोडीदारानं एकमेकांकडे तोंड करून वाचायचं. मग पाव-चहा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पट्टी, आणि बाहेर. दिवसभर लोकांची दारं वाजवायची.

"उघडतात का रे?" ताई विचारायची.

"कुठलं उघडतात! परवा एका आजोबांनी आम्हाला पाहून घरातला दिवा घालवला. भर दुपारी."

दार वाजवायची त्यांची एक पद्धत होती. दोन टिचक्या झटपट, मग थांबून एक हळू. पोलीस जोरात वाजवतात, ओळखीचे लोक घाईनं वाजवतात. शेवटची हळू वाजवली की माणूस घाबरत नाही, असं त्यांना शिकवलं होतं. बोक्या ती आम्हाला फोनवर टेबलावर वाजवून दाखवायचा.

आणि सगळ्यांत मोठा नियम जोडीचा. कोणी कधी एकटं राहायचं नाही. रस्त्यात, बसमध्ये, दुकानात, झोपताना, जोडीदार नजरेसमोर हवा. न्हाणीघराचं दार सोडलं तर दोघांच्या मध्ये कुठलंही दार बंद करायचं नाही. बोक्याचा जोडीदार आपल्याकडचाच एक मुलगा होता. त्याला हा लांब्या म्हणायचा.

"लग्न परवडलं, मामा," तो म्हणायचा. "त्यात निदान ऑफिसला तरी पळता येतं."

"मग बदलून घे जोडीदार."

"आपल्या हातात नाही ते. प्रमुख सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, हा तुझा जोडीदार. झालं. प्रमुखांनी पुन्हा तोंडानं सोडवलं तरच सुटायचं."

बुटांची तक्रार साधारण सहाव्या महिन्यात सुरू झाली. डाव्याचा तळवा पुढून सुटला होता. तो चिकटवायचा, दोन दिवस टिकायचा, परत जबडा उघडायचा. चालताना चप् वाजायचा. "लोक दार उघडत नाहीत त्याचं कारण तुझे बूट आहेत, मामा. आम्ही येतोय हे त्यांना दोन मजले आधी कळतं."

मग तो वारला. अपेंडिक्स फुटलं. मिशननं त्याला घरी पाठवलं, पेटीत, पांढऱ्या शर्टात. ताईनं बूट काढू दिले नाहीत. त्याच बुटांत आम्ही त्याला मातीत दिलं.

प्रमुखांनी ताईला फोन केला होता. शेवटपर्यंत मी त्याच्याजवळ होतो, म्हणाले. ताईनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"हा माणूस कुणाला तरी ऐकू जाऊ नये असं बोलत होता," ती म्हणाली. "तू जा. जन्मभर लोकांना प्रश्न विचारत आलास, आता माझ्यासाठी एक विचारून ये. माझं पोर एकटं होतं का?"

मी गेलो. खरं सांगायचं तर फक्त प्रश्न विचारायला गेलो नव्हतो. वीस-बावीस वर्षांचं धडधाकट पोर आजच्या काळात अपेंडिक्सनं मरतं, याचा अर्थ कोणीतरी त्याला मरू दिलेलं असतं. ते कोण, हे मला नावासकट छापायचं होतं.

२

मिशनचं कार्यालय एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. प्रमुख मला घ्यायला खाली आले. पन्नाशीचे, भरदार, आवाज मऊ. अशा आवाजाची माणसं मी खूप पाहिली आहेत. पूल कोसळल्यावर त्याच आवाजात निवेदन वाचतात.

ते मला जिन्यानं वर घेऊन गेले. जिना चांगला रुंद होता, पण ते भिंतीला खांदा घासत चढत होते. कठड्याकडची अर्धी बाजू मोकळी. मला वाटलं, माझ्यासाठी. म्हणून मी त्यांच्या बरोबरीनं चढायला गेलो, तर म्हणाले, "नाही नाही, तुम्ही मागून या."

वर पोचल्यावर त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं, स्वतः आत आले. आणि दार धरून उभे राहिले. फार नाही. एक माणूस आत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग सोडलं.

खोलीत त्यांच्या टेबलामागे दोन खुर्च्या होत्या, अगदी लागून. मी माझी खुर्ची कोरडेपणानं ओढून घेतली आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होतो."

"त्याचा जोडीदार?"

"त्याला मी सकाळीच मोकळं केलं होतं. आमचं संमेलन होतं, तिथं हातांची गरज होती. त्या दिवशी त्याचा जोडीदार मी होतो." हे वाक्य त्यांनी पाठ केलेलं होतं, हे कळायला वार्ताहर असायची गरज नव्हती.

खोटं बोलणाऱ्याला का आणि कसं विचारून काही हाती लागत नाही. त्याला रंग विचारावा, कपडे विचारावेत. मी विचारलं, "त्याच्या अंगावर काय होतं?"

प्रमुखांनी मान वळवली. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"पांढरा शर्ट," ते म्हणाले. "बाह्या खाली सोडलेल्या. डाव्या बाहीचं बटण तुटलंय. छातीवर पट्टी."

"पोटात कळा येणाऱ्या मुलानं अंथरुणात पट्टी लावली होती?"

ते खुर्चीकडेच बघत राहिले.

"पायांत?"

त्यांची नजर खुर्चीवरून खाली, जमिनीपर्यंत गेली. "बूट. डाव्याचा तळवा सुटलाय."

सुटला होता, असं ते म्हणाले नाहीत. मी ते तेव्हा टिपलं आणि सोडूनही दिलं. मला राग येत होता तो वेगळ्याच कारणानं. बटणाचं मला माहीत होतं. पेटी उघडली तेव्हा ताईनं ती बाही हातात धरून ठेवली होती. म्हणजे हा माणूस खरंच तिथं असावा. माझी बातमी माझ्या डोळ्यांदेखत फुसकी होत होती.

"ती खुर्ची कोणाची?" मी उठताना विचारलं.

"कोणाची नाही," प्रमुख म्हणाले. मग फारच हळू, "तुम्ही बसू नका तिथं, एवढंच."

मी निघालो. जिना उतरताना वर त्यांचं दार लागल्याचा आवाज यायला हवा होता. आला, पण उशिरा.

३

बोक्या राहत होता ती खोली चौथ्या मजल्यावर होती. लांब्यानं दार उघडलं. खरंच लांब होता, दाराच्या चौकटीत वाकून उभा. अंगावर साधा टीशर्ट, पट्टी नाही.

"मामा ना तुम्ही?" तो म्हणाला. "बूटवाले मामा."



त्यानं मिशन सोडलं होतं. घरी जायचं तिकीट यायची वाट बघत होता. खोली होती तशीच होती. समोरासमोर दोन टेबलं, दोन लोखंडी पलंग, खिडकीत दोरीवर एकच मोजा. बोक्याच्या टेबलाच्या कडेला वाळलेल्या डिंकाचे पिवळे ठिपके होते. तिथं बसून तो बूट चिकटवायचा.

लांब्या पलंगावर बसला आणि मी न विचारताच बोलायला लागला. आदल्या रात्रीपासून बोक्याच्या पोटात दुखत होतं. सकाळी ताप. लांब्यानं प्रमुखांना फोन केला. प्रमुख स्वतः आले, दारातूनच बघितलं आणि म्हणाले, याला घरची आठवण आलीय, दुसरं काही नाही. संमेलनाच्या दिवशी दर वर्षी कोणाच्या तरी पोटात दुखतं.

"मी म्हटलं, मी थांबतो याच्याजवळ. जोडीचा नियम आहे. तर म्हणाले, नियम मला शिकवू नकोस, खुर्च्या कोण लावणार? मामा, मी दिवसभर खुर्च्या लावत होतो."

"आणि प्रमुख?"

"व्यासपीठावर. त्याच खुर्च्यांसमोर. संध्याकाळपर्यंत हलले नाहीत."

"बोक्याकडे फोन होता?"

"जोडीला एकच फोन मिळतो." त्यानं खिशावरून हात फिरवला. "माझ्याकडे होता."

लांब्या परत आला तेव्हा बोक्या खोलीत नव्हता. बाहेर जिन्याशी, भिंतीला टेकून बसलेला होता. शर्ट, पट्टी, बूट, सगळं घालून. गार.

मला माझी बातमी मिळाली होती. नाव, पद, वेळ, साक्षीदार. हात शिवशिवत होते.

"मग हा माणूस सांगतो कशाच्या जोरावर की तो जवळ होता?"

"पेटी प्रार्थनागृहात ठेवली होती. सगळे जमले होते. वरिष्ठ मंडळी आली होती, ती विचारत होती की पोर एकटं कसं. तेव्हा प्रमुख पुढे झाले. पेटीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हा एकटा नव्हता. याचा जोडीदार मी होतो." लांब्यानं माझ्याकडे पाहिलं. "असा हात ठेवला, मामा. खांद्यावर ठेवतात तसा."

"बरं, मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दारं धरून ठेवायला लागले."

मी त्याला म्हटलं, मनाला खात असेल त्यांच्या. माणूस खोटं बोलला की स्वतःच त्या खोट्याप्रमाणे वागायला लागतो, मी पाहिलंय. अशी कितीतरी शहाणपणाची वाक्यं मी त्याला ऐकवली. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "तुम्ही त्यांच्या घरी फोन करून बघा. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलीय. न्हाणीघराचं दार सोडून घरात एकही दार लावता येत नाही म्हणे."

४

भिंतीपलीकडे शिवणकाम करणारी एक बाई राहत होती. लांब्यानं मला तिच्याकडे नेलं. ती तिथल्या भाषेत बोलायची आणि तो मला सांगायचा. खोलीभर कापडाचे तुकडे, मधोमध मशीन, पण मशीनवर चादर टाकलेली. त्या दिवसानंतर चालवलं नाही, म्हणाली.

आधी ती माझ्याशी भांडली. दिवसातून किती जण दार वाजवतात, प्रत्येकाला उघडत बसू का, हाताला काम आहे की नाही. मी काही बोललोच नव्हतो. मग तिनं खुर्चीची पाठ धरली.

त्या दुपारी दार वाजलं होतं. दोन झटपट, थांबून एक हळू. ती ओळखीची टकटक होती. तरी तिनं दाराच्या भिंगातून पाहिलं. पांढरा शर्ट दिसला, पट्टी दिसली. ती मनात म्हणाली, आलं पुन्हा देवाचं पोर, आणि येऊन मशीनवर बसली.

"थोड्या वेळानं परत वाजलं," लांब्या तिचं बोलणं सांगत होता, स्वतःच्या हातांकडे बघत. "मग फक्त शेवटची वाजली. हळूची. ती बरीच वेळा वाजली."

म्हणजे त्यानं तेवढ्यासाठी कपडे केले होते. नीट, नियमाप्रमाणे, पट्टी लावून. परक्याच्या दाराशी असं जायचं असतं, हे त्याला शिकवलं होतं. बनियनवर गेला असता तर बाईनं उघडलं असतं.

तिच्यावर ओरडावं असं मला वाटलं. पण त्या टकटकीला कोण उघडतं?

आणि तेव्हाच जिन्यात पावलं वाजली. जड, दमदार, एका माणसाची. मी ती सकाळीच ऐकली होती. त्यांच्या मागून, अर्ध्या पायरीच्या अंतरानं, दुसरा आवाज होता.

चप्.

लांब्या भिंतीला टेकला. मी स्वतःला म्हणालो, बूट कोणाचेही फाटतात. शहरात फाटक्या बुटांची काय वाण आहे? आवाज मजल्यावर आला. लांब्याच्या दाराशी थांबला. पुढे सरकला.

दार वाजलं. दोन झटपट. मग एक हळू.

बाईनं तोंडावर हात ठेवला. मी दाराशी गेलो आणि भिंगाला डोळा लावला.

प्रमुख समोर उभे होते. भिंगामुळे फुगलेले, कपाळ मोठं, पाय लहान. दोन्ही हातांत त्यांनी पोटाशी टोपी धरली होती. दोन्ही हात मला स्वच्छ दिसत होते.

दार पुन्हा वाजलं. हात हलले नाहीत.

भिंगाच्या कडेला सगळं वाकडं दिसतं, हे मला मान्य आहे. तिथं एक पांढरी बाही होती. मनगटाशी उघडी, बटण नसलेली. कोपरापासून ती दाराकडे वळली होती, पुढचं मला दिसत नव्हतं. मी मान तिरकी केली. चेहऱ्याच्या जागी चौकटीची लाकडी कड आडवी आली. त्याबद्दल मी त्या कडेचे आभार मानतो.

५

"तुम्ही आत आहात, मला माहीत आहे," प्रमुख दाराबाहेरून म्हणाले. "तो घेऊन आला मला."

"बोला."

"खरं लिहा, साहेब. तो एकटा होता. मी नव्हतो तिथं. कोणी नव्हतं."

"सकाळी तर वेगळं सांगितलंत."

"चूक झाली. मी घरी म्हणून बघितलं, खोलीत म्हणून बघितलं, की बाबा रे, तुला मी सोडलं. ऐकत नाही. चारचौघांत म्हणावं लागेल. छापून यावं लागेल."

"मग म्हणा की चारचौघांत. प्रार्थनागृह तुमचं, लोक तुमचे. उद्या उभे राहा आणि सांगा."

 मग तो मऊ आवाज, कार्यालयातला, निवेदनाचा.

"माझं नाव नका घालू. माझ्यामागे संसार आहे, संस्थेचं नाव आहे. नुसतं एवढंच छापा की तो एकटा होता. दोष कोणाचा, ते राहू द्या. त्यानं भागेल. सुटतील."

"कोण सुटतील?"

"दोघंही," प्रमुख म्हणाले.

माझ्या खिशात रेकॉर्डर होता. एक बोट हलवलं असतं, तर त्या माणसाच्या तोंडची कबुली माझ्याजवळ आली असती. तिच्यासाठीच मी समुद्र ओलांडून आलो होतो. नावासकट छापली असती तर काय झालं असतं, तेही मला माहीत होतं. चौकशी बसली असती, राजीनामा, चार दिवस गवगवा. पाचव्या दिवशी हा माणूस घरी जाऊन दारं लावून झोपला असता.

"तुम्ही त्याच्या आईला शब्द दिलाय," मी म्हणालो. "शेवटपर्यंत जवळ होतो म्हणून. तिला तो पुरेसा आहे. मी तोच छापणार."

"साहेब, दया करा."

"दर वर्षी कोणाच्या तरी पोटात दुखतं," मी म्हणालो.

तेव्हा ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं रडणं, टोपीत दाबलेलं. आणि त्यावरून दार वाजलं. फक्त शेवटची. हळूची.

बाई माझ्या बाजूनं पुढे आली. तिचा हात कडीवर पोचला होता. ती काहीतरी पुटपुटत होती, मला भाषा येत नव्हती तरी कळत होतं. या वेळी उघडते, म्हणत होती. मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. नंतर लांब्यानं सांगितलं, बोटं उमटली होती.

पुन्हा वाजलं. हळू. दाराच्या अगदी माझ्या छातीच्या उंचीवर. बोक्याचा खांदा माझ्या छातीला लागायचा.

मी उघडलं नाही.

शेवटी पावलं वळली. जड पावलं जिना उतरायला लागली, मागून चप्, पुन्हा जड, पुन्हा चप्. वळणावर चप् एकदम थांबला. जड पावलंही थांबली, थांबावंच लागलं त्यांना. कोणीतरी मागे वळून दाराकडे पाहावं, इतका वेळ जिना शांत होता. मग दोन्ही आवाज खाली गेले. सगळ्यांत खाली इमारतीचं दार उघडलं, आणि लागायला उशीर झाला.

ताईला मी तिथूनच फोन केला. "एकटा नव्हता," म्हटलं. "प्रमुख शेवटपर्यंत शेजारी होते. अजिबात हलले नाहीत."

 ती म्हणाली, "बरं झालं रे." आणि थोड्या वेळानं, "तुझा आवाज असा का येतोय? कोणाला ऐकू जाऊ नये असं बोलतोयस."

बातमी छापून आली. पहिल्या पानावर, माझ्या नावानं. मिशननं आभाराचा निरोप पाठवला. लांब्या घरी पोचला, मला भेटायला आला, बातमी वाचली आणि चहाला हात न लावता उठून गेला. एवढ्या वर्षांत जाणूनबुजून छापलेलं हे माझं पहिलं खोटं. प्रमुख अजून त्याच पदावर आहेत, त्याच कार्यालयात, आणि तिथून येणारे सांगतात की वाळत चाललेत. म्हणजे शेवटपर्यंत शेजारी असल्याचं ते खोटं रोज थोडं थोडं खरं होत आहे.

हल्ली माझं दार वाजलं की मी आधी मोजतो. दोन झटपट वाजल्या की थांबतो. तिसरी अजून कधी आलेली नाही. प्रमुखांना सोडून ती वाजवायला बोक्याला येता येत नाही, हे मला माहीत आहे. ती व्यवस्था मीच केली आहे.